जुन्या फोटोतली हॉट रॉड ओळखायची कशी?

माझा मुलगा लॉस एंजेलिसजवळ पासाडेनात राहतो. सूनबाई तिथलीच. तिच्या आजींकडे कुकीजच्या पत्र्याच्या डब्यात जपलेले फोटो आहेत. त्यातला एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला, कारण मी पुण्यात आयुष्यभर मोटारींचं काम केलं हे त्यांना ठाऊक होतं. कृष्णधवल फोटो, कडा नक्षीदार कातरलेल्या. बिनमडगार्डची, बिनबॉनेटची बुटकी मोटार, तिला टेकून उभे तरुणपणीचे आजोबा, शेजारी एक मुलगी. "ही गाडी कुठली, सांगाल का?" मी समोरची जाळी पाहिली आणि छातीठोकपणे म्हणालो, "३२ सालची फोर्ड." उत्तर चुकलं होतं. ते का चुकलं हे समजून घेताना जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो. अमेरिकेत सोयरीक जुळलेली मराठी घरं आता कमी नाहीत. असे फोटो तुमच्याही हाती येतील.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते थोडक्यात. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तातली जुनी फोर्ड घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड, टप, बॉनेट काढून टाकायची, इंजिनावर हात फिरवायची आणि शहराबाहेरच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. म्युरॉक आणि एल मिराज ही त्यातली नावाजलेली तळी. म्युरॉकवर पुढे हवाई दलाचा तळ झाला, आज तो एडवर्ड्‌स नावाने ओळखला जातो. वेळ नीट मोजली जावी म्हणून १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. युद्धावरून पोरं परतली आणि हे वेड देशभर पसरलं. १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९४९ मध्ये युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर पहिला स्पीड वीक, म्हणजे वेग मोजण्याचा आठवडा, झाला.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. हॉट रॉड ही कारखान्यातून आलेली एक गाडी नसते. सांगाडा (म्हणजे वरचं पत्र्याचं अंग) एका सालचा, चासी (खालची पोलादी चौकट) दुसऱ्या सालची, चाकं तिसऱ्या, इंजिन चौथ्या. म्हणून "ही कोणती गाडी?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक भागाला वेगळं विचारा, "तू कुठल्या सालचा?" सांगाडा गाडीला नाव देतो. फोटोची तारीख मात्र गाडीवरचा सगळ्यात नवा भाग देतो, कारण जो भाग अजून बनलाच नव्हता तो फोटोत येणार कुठून?

पायरी पहिली: गाडीकडे नको, आधी फोटोकडे बघा

फोटो अल्बमच्या चिकट पानावर असेल तर ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा. सुटा असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा, लहान फोटो निदान १२०० डीपीआयवर. मोबाइलने काढलेल्या फोटोत नंबरप्लेटचे आकडे हमखास विरघळतात. डब्यात निगेटिव्ह असेल तर तीच स्कॅन करा. प्रिंटमध्ये काळ्या सावलीत बुडालेलं इंजिन निगेटिव्हमध्ये बऱ्याचदा दिसतं. आम्हाला निगेटिव्ह सापडली आणि निम्मं काम तिथेच झालं.

फोटो ‘सुधारणारी’ एआय ॲप्स या कामात वापरू नका. ती पुसट जागी स्वतःच्या मनाने रेषा भरतात. जाळीच्या पट्ट्या, टायरवरची अक्षरं, प्लेटवरचे आकडे सगळं सुबक दिसतं आणि सगळं खोटं असू शकतं. उजेड-अंधार कमीजास्त करा, त्यापलीकडे जाऊ नका.

मग फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा. अमेरिकन गाडीचं स्टीअरिंग डावीकडे असतं. ते उजवीकडे दिसलं तर निगेटिव्ह उलटी पडली असण्याची शक्यता मोठी. पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी आणि नंबरप्लेटची अक्षरंही हेच सांगतील.

कागदावरूनही काळ थोडा आवळता येतो. कोडॅकलर ही रंगीत प्रिंटची फिल्म १९४२ मध्ये आली, त्यामुळे रंगीत प्रिंट असेल तर ती बहुधा त्याआधीची नाही. पोलरॉइडचा कॅमेरा दुकानात आला १९४८च्या शेवटी. पांढऱ्या कडेवर महिना आणि साल छापलेलं असेल तर ती फोटो धुतल्याची तारीख. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहिलेला असू शकतो. नक्षीदार कातरलेल्या कडा अनेक दशकं चालल्या, त्यांच्यावर फार विसंबू नका.

मागचं पेन्सिलीतलं अक्षर नीट वाचा. ‘हॉट रॉड’ हा शब्द युद्ध संपताना रुळला. त्याआधी ही पोरं आपल्या गाडीला ‘गाउ जॉब’ किंवा ‘हॉप-अप’ म्हणायची. यातलं काही लिहिलेलं असेल तर लिहिणारा त्या गोटातला होता, असं समजायला हरकत नाही.

पायरी दुसरी: घरातल्या मोठ्यांना विचारा

हे तुमचा तर्क सांगण्याआधी करायचं. तुम्ही एकदा "ही ३२ची फोर्ड" म्हणालात की समोरच्याच्या आठवणीत तीच जाऊन बसते. माझ्याकडून तेच झालं. आजी लगेच मान डोलवायला लागल्या.

गाडीचं मॉडेल विचारू नका, ते फार थोड्यांना आठवतं. पावसात काय करायचात? मागे किती जण बसायचे? गाडी विकली तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? आजींना मॉडेल आठवत नव्हतं, पण दोन गोष्टी लख्ख आठवत होत्या. गाडीला काचा वर-खाली करायची सोयच नव्हती, आणि आजोबांची ओळख १९४८च्या नाताळात झाली होती. दोन्ही पुढे उपयोगी पडल्या.

पायरी तिसरी: सांगाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. युद्धापूर्वीच्या आणि लगेच नंतरच्या हॉट रॉडमध्ये फोर्डच फोर्ड दिसते, कारण ती ढिगाने मिळायची, स्वस्त होती आणि अंगाने पोलादी होती. त्या काळच्या शेव्हरोलेमध्ये लाकडी चौकटीवर पत्रा असायचा, तो कापाकापीला सोसत नसे. तेव्हा फोर्डपासून सुरुवात करा. जमलंच नाही तर दुसरीकडे वळा.

प्रथम प्रकार ठरवा. टप कापडी आणि दाराला वर-खाली होणारी काच नाही, तर ती रोडस्टर. टप कापडी पण दारात काच आहे आणि समोरच्या काचेचे खांब अंगातच घडवलेले आहेत, तर कॅब्रिओले. पक्कं छप्पर, एकच आसन आणि दोन दारं, तर कूप. कूपमध्ये पुन्हा खिडक्या मोजा, समोरची काच सोडून. दोन दारांच्या दोन आणि मागची एक, म्हणजे थ्री-विंडो. दारांमागे आणखी दोन लहान खिडक्या असतील तर फाइव्ह-विंडो. आजींच्या "काचाच नव्हत्या" या एका वाक्याने आमची गाडी रोडस्टर ठरली.

आता साल. मॉडेल टी १९०८ ते १९२७. उभट आणि अरुंद, समोरची काच सरळ उभी. हॉट रॉडवाल्यांना तिची १९२६-२७ची शेवटची, थोडी बुटकी आवृत्ती आवडायची.

मॉडेल ए १९२८ ते १९३१. मूळ गाडीत समोर जाळी नसतेच, रेडिएटरचा उघडा गाभाच दिसतो. पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या आत असते. त्यामुळे काचेपुढे मधोमध टाकीचं झाकण दिसतं. १९२८-२९ची चाकं २१ इंची, १९३०-३१ची १९ इंची. नंतरच्या जोडीत रेडिएटरही उंच झाला.

१९३२ची फोर्ड, जिला तिथले लोक प्रेमाने ‘ड्यूस’ म्हणतात, ती या सगळ्यांची राणी. याच वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचं) इंजिन दिलं, २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं. समोर उभ्या पट्ट्यांची जाळी आली, पेट्रोलची टाकी मागे गेली आणि काचेपुढे टाकीच्या झाकणाच्या जागी हवेसाठी उघडणारी झडप आली. चासीच्या दोन्ही बाजू उघड्या दिसतात आणि त्यांवर लांबच लांब, वळण घेत जाणारी दाबलेली रेघ असते. ही रेघ ओळखायला शिका. दुसऱ्या कुठल्याही फोर्डच्या चासीवर ती नाही.

१९३३-३४ मध्ये गाडी लांबली, जाळी ढालीसारखी होऊन मागे कलली, दारं मागच्या बाजूने बिजागरीला लागली. ३३ आणि ३४ वेगळी करायची तर बॉनेटच्या बाजूच्या मुठी मोजा. ३३ला प्रत्येक बाजूला एक, ३४ला दोन. ३३च्या जाळीच्या पट्ट्या खाली येताना वळतात, ३४च्या सरळ असतात. १९३७ मध्ये दिवे मडगार्डच्या अंगात शिरले आणि छप्परही पूर्ण पोलादी झालं. त्याआधीच्या बंद गाड्यांच्या छपराच्या मधोमध कापडी तुकडा असायचा. तो जर पत्र्याने बुजवलेला दिसला तर कुणीतरी वेल्डिंग केलेलं आहे.

फोटो अगदी बाजूने घेतलेला असेल तर मोजपट्टी लावा. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर मॉडेल एमध्ये १०३.५ इंच, ड्यूसमध्ये १०६, ३३-३४मध्ये ११२. युद्धानंतर सर्रास दिसणारा १६ इंची रिमवरचा ६.०० मापाचा टायर बाहेरून साधारण २८ इंच भरतो. टायरची उंची एक धरली तर हे अंतर अनुक्रमे ३.७, ३.८ आणि ४ पट येतं. ३३-३४ वेगळी काढायला हे पुरेसं आहे. ए आणि ड्यूस यांच्यात फरक सांगायला मात्र पुरत नाही, कॅमेरा जरा तिरका झाला तरी तेवढी चूक होते.

माझी चूक इथेच झाली. ड्यूसची जाळी इतकी देखणी की मॉडेल एवाले ती सर्रास काढून आपल्या गाडीला लावायचे. जाळी हा अंगावरचा दागिना आहे, अंग नव्हे. निगेटिव्ह स्कॅन केली तेव्हा काचेपुढे टाकीचं गोल झाकण दिसलं. सांगाडा मॉडेल एचा होता. खाली चासीवर मात्र ड्यूसची ती वळणदार रेघ होती, म्हणजे चासी खरोखर ३२ची. असं जोडकाम त्या काळी फार आवडीचं होतं, कारण ड्यूसच्या चासीत व्ही-८ सहज बसायचं. नवख्याने म्हणूनच जाळीपासून सुरुवात करू नये. समोरच्या काचेच्या बुडापासून दाराच्या मागच्या कडेपर्यंतचा पत्रा आधी बघावा. तो भाग बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात प्रामाणिक.

एक सावधगिरी आणखी. झाकण दिसलं नाही म्हणून मॉडेल ए नव्हेच, असं म्हणू नका. कित्येकांनी ती टाकी काढून भोक बुजवलं.

पायरी चौथी: काय कापलंय?

छप्पर कापून बुटकं केलेलं असेल तर ‘चॉप’. खिडकीची उंची दाराच्या पत्र्याच्या मानाने फारच कमी दिसते, मूळ गाडीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतं. सांगाडा चासीवर बसवण्याऐवजी चासीभोवती खाली उतरवला असेल तर ‘चॅनल’. अशा गाडीत चासीच्या कडा दिसत नाहीत. मडगार्ड काढले, पण सांगाडा मूळ जागी चासीवरच आहे, तर ‘हायबॉय’. आमची हायबॉय निघाली, म्हणून तर चासीवरची रेघ दिसली.

पायरी पाचवी: चाकं, ब्रेक, दिवे

साल इथे भराभर हाती लागतं. १९३५पर्यंत फोर्डला तारांची चाकं होती, १९३६पासून पोलादी. १९३६ ते ३९च्या चाकांचे पाच बोल्ट खूप पसरलेले असतात, वर्तुळ १०.२५ इंचांचं. १९४०पासून ते ५.५ इंचांवर आलं आणि मधली टोपी लहान झाली. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये मिळाले. त्याआधी सळ्यांवर किंवा तारांवर चालणारे होते. बिनमडगार्डच्या गाडीत पुढच्या चाकामागे बघा. रबरी नळी दिसली तर हायड्रॉलिक, सळी किंवा तार दिसली तर जुने. आमच्या फोटोत नळी होती आणि चाकं १९४०नंतरची. म्हणजे २९च्या आसपासच्या सांगाड्याखाली दहा-बारा वर्षं धाकटे पाय.

मागचे दिवे उसनेच असायचे. पाण्याच्या थेंबासारखा लांबुळका असेल तर बहुधा १९३८-३९च्या फोर्डचा. लहान गोल दिवा १९४८च्या पॉन्टिॲकचाही असू शकतो, आणि तसा असेल तर फोटो त्याआधीचा नाही.

पायरी सहावी: इंजिन

बॉनेट नसेल तर हे सोपं. फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ दोन सपाट पाट्यांसारखा दिसतो, वर स्पार्क प्लग आणि नटांची दाटी. पाण्याचे पंप पाट्यांच्या पुढच्या टोकाला दिसले तर १९३२ ते ३६, खाली ब्लॉकला असले तर १९३७ किंवा नंतरचं. पाट्या ॲल्युमिनियमच्या, पंख्यांसारख्या पट्ट्यांच्या असतील तर त्या बाजारातून विकत घेतलेल्या. त्यावर एडलब्रॉक, ऑफेनहाउजर किंवा वायंड अशी नावं ओतलेली असतात, तेवढा भाग मोठा करून बघा. वर दोन कार्ब्युरेटर शेजारी शेजारी असतील तर बहुतेक वेळा ते ‘स्ट्रॉम्बर्ग ९७’.

सपाट पाटीऐवजी लांबट झाकणं दिसली तर काळ पुढे सरकतो. व्हॉल्व्ह वर असलेली नव्या पिढीची व्ही-८ इंजिनं ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅकने १९४९च्या मॉडेलांत आणली, क्रायस्लरने १९५१ मध्ये. क्रायस्लरचं ओळखायला सोपं: झाकण रुंद आणि प्लग त्याच्या मधोमध रांगेत. शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ १९५५चं. ते दिसलं की चाळीसच्या दशकाचा विचार सोडून द्या.

पायरी सातवी: प्लेट, पाटी आणि पाठीमागचं जग

नंबरप्लेट हा सगळ्यात मोठा साक्षीदार. प्रत्येक राज्याचा रंग आणि आकार वेगळा, पुष्कळदा साल छापलेलं. युद्धात पोलाद वाचवायला कित्येक राज्यांनी नव्या प्लेटऐवजी सालाचा छोटा तुकडा लावायला दिला. इलिनॉयने तर १९४३पासून काही वर्षं सोयाबीनच्या लगद्यापासून प्लेटा केल्या. कॅलिफोर्नियाची १९५६ची प्लेट पिवळ्यावर काळी, १९६३ची काळ्यावर पिवळी. कृष्णधवल फोटोत पहिली फिकी आणि दुसरी गडद दिसेल. सगळीकडे सारख्या, ६ बाय १२ इंचांच्या प्लेटा साधारण १९५६-५७पासून आल्या. त्यामुळे वेगळ्याच आकाराची प्लेट दिसली तर ती बहुधा त्याआधीची.

गाडीच्या मागे ओतीव ॲल्युमिनियमची पाटी लटकत असेल तर ती क्लबची, क्लबचं नाव आणि गाव त्यावर असतं. रोड रनर्स आणि थ्रॉटलर्स ही त्यातली जुनी नावं. दारावर पांढऱ्या रंगात आकडा आणि वर्गाचं अक्षर असेल आणि मागे सपाट उजाड जमीन, तर फोटो कोरड्या तळ्यावरचा असण्याची शक्यता आहे. अशा वेळी डब्यात, टेबलाच्या खणात एक छोटी धातूची पट्टी शोधा. वेग नोंदवला की टायमिंग असोसिएशन ती द्यायची, तिच्यावर वेग आणि तारीख कोरलेली असते. पोरं ती डॅशबोर्डवर लावायची आणि गाडी विकताना काढून ठेवायची. गाडी गेली तरी पट्टी घरात राहते.

मागची दुकानं, पेट्रोल पंपाची पाटी, शेजारी उभी असलेली साधी मोटार याही गोष्टी बघा. शेजारची अख्खी मूळ रूपातली गाडी हॉट रॉडपेक्षा किती तरी लवकर ओळखू येते आणि तारीख देऊन जाते.

पायरी आठवी: लिहून ठेवा, मग विचारा

फोटोच्या पाठीवर पेनाने लिहू नका. पाकिटावर पेन्सिलीने लिहा आणि तीन रकाने करा: नक्की, बहुधा, अंदाज. प्रत्येकापुढे कशावरून तेही लिहा. नंतर कुणी जाणकार भेटला की तो एक रकाना खोडेल, सगळं पाकीट फेकायची वेळ येणार नाही.

जाणकारांकडे जाताना फोटो देऊ नका, स्कॅन द्या. पोमोनातलं एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) या संघटनेचं संग्रहालय आणि लॉस एंजेलिसमधलं पीटरसन संग्रहालय ही या विषयाची घरं आहेत. मूळ फोर्ड कशी होती हे पडताळायला मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथे बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र आहे. नेमका प्रश्न विचारा. "ही कोणती गाडी?" यापेक्षा "हा सांगाडा १९२९चा की १९३०चा, हे काचेखालच्या पत्र्यावरून ठरवता येईल का?" याला उत्तर लवकर मिळतं.

आणि ‘आजोबांची गाडी’ असं लिहिण्यापूर्वी थांबा. मित्राच्या गाडीला टेकून फोटो काढायची हौस तेव्हाही होती. मालकीला जुनं मालकीपत्र लागतं, कॅलिफोर्नियात ते गुलाबी कागदावर असायचं. त्यावरचा क्रमांक हाती लागला तर गाडी आजही आहे का हे शोधायला वाट फुटते, कारण व्ही-८ फोर्डच्या चासीवर तो डाव्या बाजूला ठोकलेला असतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडच्या, मुंबई-पुण्याच्या जुन्या अल्बममधली अमेरिकन मोटार हॉट रॉड असण्याचा संभव अगदी थोडा. ती बहुधा उजव्या स्टीअरिंगची, मूळ रूपातली असते. जनरल मोटर्सचा मुंबईतला जोडणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला होता. तिथे सांगाड्याची पायरी तेवढी वापरा, बाकीच्या सोडा.

आमच्या पाकिटावर शेवटी असं लिहिलं. नक्की: मॉडेल ए रोडस्टर, ३२ची चासी आणि जाळी, हायड्रॉलिक ब्रेक, फ्लॅटहेड व्ही-८, दोन कार्ब्युरेटर. बहुधा: सांगाडा १९२८-२९चा. साल मात्र अडलं होतं. प्लेटवर ४ स्वच्छ दिसत होता, त्यापुढचा आकडा ७ की ९ ते काही केल्या ठरेना. मग फोटोतल्या मुलीकडे पुन्हा पाहिलं. आजींना विचारलं, ही कोण? "मीच की," त्या म्हणाल्या. ओळख १९४८च्या नाताळातली, म्हणजे ४७ बाद. सूनबाईने ‘नक्की’च्या रकान्यात १९४९ लिहिलं.

डब्यात त्याच गाडीचा मागून काढलेला एक हललेला फोटो आहे. खाली क्लबची पाटी लटकतेय, तिची पहिली दोनच अक्षरं दिसतात. त्याची निगेटिव्ह अजून शोधतोय.